फुटलेला थवा

आसगाव

प्रिय रक्षा,

फोनवर तू रडायला लागतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसले. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, एकदाचं हसून घे. बाबांचा विसराळूपणा फार वाढलाय. इश्वरला ते आता जावई म्हणून ओळखत नाहीत. बोडीच्या तळ्यात मासे धरणारा गडी समजून जाळं कुठे टाकायचं ते त्याला सांगत बसतात. तोही बिचारा "हो मामाजी" म्हणतो.

लावे मात्र त्यांच्या डोक्यातून गेले नाहीत. आठवतं ना तुला? झुडपाखाली मातीच्या रंगाचे ते मूठभर पक्षी अंगाला अंग लावून बसायचे आणि पाय अगदी जवळ पडेपर्यंत हलायचे नाहीत. मग एकदम भुर्रकन चहूकडे उधळायचे. तू दरवेळी किंचाळायचीस. आपण मागे धावलो की बाबा ओरडायचे, "थवा फुटला का धावाचं नाही वं पोरींनो! खाली बसाचं न् शीळ घालाची." आणि जागीच बसून लाव्यासारखी बारीक शीळ घालायचे. थोड्या वेळाने गवतातून एक लावा उत्तर द्यायचा, मग दुसरा, आणि सगळे चालत चालत एकत्र यायचे, थेट बाबांच्या फाशांत. त्यांच्यासाठी रडत रडत तू रस्सा ओरपायचीस.

आई मोहफुलं वेचायला गेली आणि वाघाने नेली, त्या जागी बाबा रोज दिवस कलला की जाऊन बसतात. शीळ घालतात. त्यांच्या लेखी आई मेलेलीच नाही. वाघाला भिऊन बाया चहूकडे पळाल्या, त्यात ती चुकली, एवढंच. "तुही माय येऊन राहिली असन, मले बसू दे," म्हणतात. आधी मी खरं सांगायची. आत्ताच कळल्यासारखे ते रडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे, "तुही माय कुठं गेली वं?" मी सांगणं सोडलं. रोज रोज आईला मारायची ताकद माझ्यात नाही.

वाघ अजून तिकडेच आहे. परवा नाल्याच्या वाळूत त्याची ताजी पावलं होती, बाबांच्या चपलांच्या ठशांवर उमटलेली. वनरक्षक बाबांना हाताला धरून घरी घेऊन आला आणि मला बोलला. बोलणारच. तू म्हणतेस, त्यांना कोंडू नको, जंगल हाच त्यांचा जीव आहे. पुण्यात बसून हे म्हणणं सोपं आहे गं. राग येतो तुझा. खरं तर मलाही तेच वाटतं, म्हणून जास्त येतो.

आज दुपारी इश्वरने त्यांच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. बाबांनीच खिळे धरून दिले, दार हलवून पाहिलं आणि "झाली मजबूत" म्हणाले. दिवस कलला तेव्हा मी कडीला हात लावला आणि काढून घेतला. बापाला कोंडणं मला एकटीला जमणार नाही, रक्षा. कडी मीच लावीन, पुढेही रोज लावीन. पण पहिल्यांदा लावताना तू माझ्याजवळ उभी राहा. तोवर संध्याकाळी मी त्यांच्याशेजारी तिथेच जंगलात जाऊन बसणार आहे. आजही बसून आले. लवकर ये.

तुझीच,
चंदाताई