पहिलं पाऊल

डरहॅम, डिसेंबर १९४५

आई,

"नव्या वर्षी घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या माणसाचंच हवं," असं आमच्या लग्नात म्हणत तुम्ही सिरिलच्या डोक्यावरून हात फिरवला होतात. युद्धाआधी दर वर्षी शकुनाचा कोळशाचा खडा घेऊन तोच तुमच्या दारात यायचा. ब्रह्मदेशातल्या जपानी कैदेतून तो परतला, तेव्हा त्याचे सगळे केस पांढरे झाले होते. काल तुम्ही तो मान शेजारच्या नॉर्मनला दिलात.

"भुताला कोण घरात घेईल गं, एनिड?" म्हणून तो हसला. तरी आज त्यानं एक चांगला खडा निवडून, पुसून कोटाच्या खिशात ठेवलाय.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुम्ही नाहीच म्हणाल. पण आई, यंदा पहिलं त्यालाच आत घ्या.

तुमची सून,
एनिड