गुरुवारची पेटी

आबा, मी ब्लॉग काढतेय. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा हा शब्द आपल्या घरात कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून सांगते. इंटरनेटवर आपली स्वतःची पानं मांडायची, त्यावर मनात येईल ते लिहायचं, वाचणारे वाचतात. तुमच्या धंद्यात सांगायचं तर भिंतही आपली आणि मजकूरही आपलाच. डॉक्टरांनी मला सहा महिने भाषण बंद सांगितलंय. स्वरयंत्रावर गाठ आलीय, साधी आहे, पण तीस वर्षं गावोगावच्या स्टेजवर ओरडल्याचं ते फळ आहे. माईकवर बोलायचं नाही आणि गप्प तर बसवत नाही, मग हे शोधून काढलं.

ब्लॉगचे तीन भाग केलेत : श्रद्धा, संगीत आणि वेबडिझाइन. कॉलेजातली एक मैत्रीण म्हणाली, बाई, ही कसली भेसळ? तिला कसं सांगू, आपल्या दोन खोल्यांत हे तिन्ही एकाच वेळी चालायचं. सकाळी आई मेणबत्ती लावून वंदना म्हणायची, दारात तुमचे अर्धवट रंगवलेले बोर्ड वाळत असायचे आणि कोपऱ्यात कापडाखाली पेटी. भाकरी भाजल्याच्या वासात टर्पेंटाइनचा वास मिसळलेला. अजून कुठे रंगकाम चाललेलं दिसलं की मला भूक लागते.

वेबडिझाइन मी व्हिडिओ बघून शिकले. पहिलं पान तयार केलं आणि मोबाइलवर उघडून बघितलं, तर अक्षरं या कडेपासून त्या कडेपर्यंत कोंबलेली, श्वास घ्यायला जागा नाही. मला एकदम बारा वर्षांची मी दिसले. दूध डेअरीचा बोर्ड तुम्ही मला रंगवायला दिलाय, मी जोशात मोठी मोठी अक्षरं काढत निघालेय आणि शेवटचं 'केंद्र' लिहायला चार बोटं जागा उरलीय. तुम्ही रॉकेलचं फडकं माझ्या हातात दिलंत आणि सगळं पुसायला लावलंत. म्हणालात, "आधी मोकळी जागा मोज. अक्षर काय, कुणालाबी काढता येतंय." मी रडत पुसलं. आता संगणक मला तेच शिकवतो, त्याला मार्जिन म्हणतो आणि शिकवताना आवाज चढवत नाही.

श्रद्धेचं पान मात्र होईना. तीनदा लिहिलं, तीनदा भाषण झालं. म्हटलं, आधी संगीताचं पान करू, तिथे पेटीचा फोटो टाकू. तेव्हा लक्षात आलं की त्या जयंतीनंतर ती पेटी मी घरात पाहिलेलीच नाही. कुठे गेली, कुणाची होती, कधी विचारलंच नाही. जगातली पुस्तकं वाचली, हे नाही विचारलं.

चौदा एप्रिलची ती जयंती तुम्हाला आठवत असणार. मी एकवीस वर्षांची, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, हातात पहिल्यांदाच मोठा माईक. आमची गायन पार्टी नुकतीच गाऊन थांबलेली, तुम्ही माझ्या मागे, मांडीशी पेटी. दर गुरुवारी तुम्ही पलीकडच्या आळीतल्या दत्ताच्या देवळात भजनाला पेटी वाजवायला जाता, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. मी म्हणाले, "सकाळी त्रिशरण आणि रात्री देवळात पेटी, अशी दोन तोंडं असणाऱ्यांनी आधी आपलं एक तोंड पुसून यावं." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. टाळ्या कडाडल्या. घरी येताना भांडणाची सगळी उत्तरं मी मनात तयार ठेवली होती. तुम्ही जेवलात, हात धुतलात आणि एवढंच म्हणालात, "माईक तोंडाला लई जवळ धरतीस."

पुढच्या गुरुवारपासून तुम्ही देवळात गेला नाहीत. पुढच्या जयंतीला आपल्याही स्टेजवर पेटीला दुसरा माणूस होता. तुम्ही समोर खुर्चीत बसलात, वय झालं म्हणालात. मला वाटलं, एक माणूस तरी विचाराने बदलला. हा किस्सा मी नंतर कितीतरी भाषणांत सांगितला.

त्या भजनातले पखवाजवाले काका आता मुरगूडला मुलीकडे असतात. पेटीचा पत्ता लावायला मी परवा गेले. पंचाऐंशीच्या पुढे असतील, म्हशीजवळ खाट टाकून बसलेले. "कोण पावणं?" म्हणाले. तुमचं नाव सांगितल्यावर सरकून जागा केली, "पेंटरची पोरगी व्हय? बस की." भाषणं करतीस म्हणं, कानावर येतंय, असंही म्हणाले.

पेटी भजनी मंडळाची होती, आबा. देवळाची. तुम्ही वाजवायला शिकलात तेही तिच्यावरच. काका सांगत होते, "तुमच्या पार्टीकडं पेटी कुठली? ठरलं हुतं, गुरुवारी त्यानं आमच्यात वाजवायची, बाकीचे सहा दिवस पेटी त्याच्याकडं. कुणाची हरकत नव्हती." म्हणजे आपली सगळी गाणी, ज्यांच्यावर माझा पिंड पोसला, ती त्या देवळाच्या पेटीवर उभी होती. मी बोलत होते तेव्हाही तीच माझ्या पाठीशी होती.

मी म्हटलं, काका, तिथे ते हात जोडायचे का? त्यांचा विश्वास होता का? म्हातारा बराच वेळ हसला. "अगं, एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर. पेटीवाल्याचा हात मोकळा कुठं असतोय? आम्हीबी कधी इचारलं न्हाय."

तेच मला जाणून घ्यायचंय. फक्त पेटीसाठी जात होता, की गुरुवारचं ते वाजवणं आवडायचं, की यातलं काहीच नाही आणि मला न सुचलेलं तिसरंच काही होतं? माझं मत मी बदललेलं नाही. दोन दगडांवर पाय ठेवू नये, हे आजही माईकवर सांगेन. पण श्रद्धेच्या पानावर तुमच्याबद्दल एक वाक्य लिहायचं, तर ते मला येत नाही.

उठताना काकांनी मला थांबवलं. म्हणाले, जयंती झाली आणि तो पेटी पुसून घेऊन आला. बोटं आखडत्यात, वाजवता येत न्हाय म्हणाला. आम्ही म्हटलं, वाजवू नगंस, पण पेटी ऱ्हाऊ दे तुझ्या घरात. तर ऐकंना. मग माझ्याकडे बघून विचारलं, "खरंच आखडली हुती व्हय गं बोटं?"

त्याच साली तुम्ही शिरोळच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर वीतभर अक्षरं हाताचा आधार न घेता काढत होता. रेघ हलत नव्हती. मी शेजारी डबा धरून उभी असायची.

हे पत्र मी ब्लॉगवर टाकणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. काकांना मी "व्हय" म्हटलं.