बीट नको

१० जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी रडते आणि तू ओरडतेस, म्हणून यापुढे पत्रच लिहायचं असं आपलं ठरलं. तेव्हा हे घे रीतसर पत्र. मी ठीक आहे. कामही भरपूर आहे. दिवसभर लोकांसाठी खोटे दात घडवते, मेण कोरते, रंग जुळवते, आणि माझ्या स्वतःच्या दातांना मात्र काही काम नाही. कारण इथे टोस्ट मिळत नाही.

लगेच कपाळावर हात मारून घेऊ नकोस. सँडविच ढिगाने मिळतात. आमच्या समोरच दुकान आहे. पण काउंटरवरची बाई आधी विचारते पाव कोणता. मग भाजू का. मग लोणी की आणखी काही. मग काकडी, मग कांदा, मग इथे खाणार की नेणार. एवढी प्रश्नपत्रिका सोडवून हातात काय येतं, तर गारढोण, मऊ लगदा. आपल्या कोपऱ्यावरचा टोस्टवाला जाळीत दाबून, कडा करपवून, हिरवी चटणी थापून कसा देतो! हल्ली काम करताना मध्येच त्याच्या सुरीचा टकटक आवाज कानात येतो.

आमच्या लॅबच्या मालकीणबाईंनी आणखी दोन वर्षं कामावर राहतेस का म्हणून विचारलंय. ऑगस्ट संपायच्या आत सांगायचंय. मी नाही म्हणणार आहे. बाबांना नमस्कार.

तुझी उपाशी,
खारू


२४ जून

चि. खारूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. अख्ख्या गल्लीत माझे डबे जातात. माणसं बोटं चाटून जेवतात, रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या घालून पाठवतात. आणि माझ्या पोटची पोर सातासमुद्रापार बसून आठवण कुणाची काढते, तर टोस्टवाल्याची! आईच्या हातच्या एखाद्या भाजीचं नाव तरी लिहायचंस, खोटं का होईना. बाबांना वाचून दाखवलं तर ते पेपराआड तोंड लपवून हसत होते. तेही त्या टोस्टवाल्याकडे चोरून खातात. शर्टावरचे चटणीचे डाग मीच धुते, मला कळत नाही होय?

आणि टोस्टसाठी कुणी नोकरी सोडतं का गं? जरा डोकं ठिकाणावर ठेव. हे काम शिकायला काय धडपडलीस! इथे परत येऊन त्या अंधाऱ्या खोलीत पुन्हा दातांच्या साच्यांचं प्लास्टर कालवत बसणार आहेस का? चटणी कशी करतात ते मी त्याला विचारून कळवते आणि हा विषय मिटवते. केस धुतल्यावर नीट पुसत जा.

तुझी,
आई


२ जुलै

चि. खारूस,
आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. काल डबे पोचवून झाल्यावर टोस्टवाल्याकडे गेले. चटणीत काय काय घालतोस विचारलं, तर म्हणाला कोथिंबीर आणि मेहनत. शहाणाच आहे. मी म्हटलं, माझी मुलगी परदेशात असते, तिला हवी आहे. तर म्हणे कोण मुलगी. उंची सांगितली, चष्मा सांगितला, दातांचं काम शिकत होती तेही सांगितलं. मख्खासारखा बघत राहिला. माझं डोकंच फिरलं. त्याच्यासाठी तू तिकडे झुरतेस आणि याला तू आठवतही नाहीस! शेवटी वैतागून म्हटलं, अरे, कडा करपवून, चटणी दुप्पट आणि बीट नको.

तर गाडीवरून खाली पडायचाच बाकी राहिला. म्हणाला, अहो, मग बीट नको असं आधी सांगायचं ना! तू लांबून येताना दिसलीस की तुझं तोंड उघडायच्या आत पाव जाळीत पडायचा म्हणे. नाव त्याला कधी लागलंच नाही. कशी आहे, बरी आहे ना, जेवते ना, असं त्यानेच मला चारचारदा विचारलं. मग न मागता तुझा टोस्ट माझ्या हातात दिला. तिथेच उभी राहून खाल्ला. बरा होता. बाबांना सांगू नकोस.

आता एक विचारते, खरं सांग. तुला बघून काही न विचारता समोर ठेवणारं तिथे कुणी नाही, हे तुझं दुखणं आहे ना? मग तसं लिहायचं. टोस्टच्या आडून कशाला रडायचं? यायचं तर ये, घर तुझंच आहे. पण हिरमुसून येऊ नकोस. रोज त्याच दुकानात जा, त्याच वेळी, तेच माग. तुझ्या हट्टीपणाने मला आयुष्यभर दमवलंय. त्या बाईची काय कथा!

तुझी,
आई


२८ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझा उपाय साफ फसला. रोज जाते. तेच मागते, ब्राउन पाव, भाजून, कांदा आणि काकडी, बीट नको. आणि बाई रोज नव्याने विचारते, जणू मी आजच विमानातून उतरले आहे. परवा तर मी सगळं एका दमात म्हणून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पाव कोणता?

हो, तेच दुखणं आहे. तुला ते कळलं, त्यामुळे आणखीच रडू आलं. बाबांना चटणीचा डाग लगेच गार पाण्यात भिजवायला सांग. मी तसंच करायचे.

तुझी,
खारू


२५ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा एका दाताचा रंग बिघडला, तो पुन्हा करण्यात जेवायला उशीर झाला. दुकानात ही रांग. बाईने मला दारातूनच पाहिलं आणि पाव भाजायला टाकला. माझी पाळी आली तेव्हा कागदात गुंडाळून तयार! एक प्रश्न विचारला नाही गं.

बाहेर बाकावर बसून उघडलं. आत बीट. चांगल्या जाडजूड चकत्या. दुसऱ्याच कुणाचं तरी माझं म्हणून लक्षात ठेवलंय बाईने. परत जाऊन सांगावं म्हणून उठले. मग बसले. आणि बीटसकट सगळं खाल्लं, नाक पुसत पुसत. काल पुन्हा तेच. आता ते नको म्हणायची माझी छाती नाही, कारण मग ती परत विचारायला लागेल.

मालकीणबाईंना आज हो म्हटलं, आणखी दोन वर्षं. रागावली नाहीस ना?

तुझी,
खारू


७ सप्टेंबर

चि. खारूस,
अ. उ. आ.

बीट खा म्हणून मी जन्मभर घसा कोरडा केला. किसून घातलं, कोशिंबिरीत लपवलं, तर वेचून वेचून ताटाच्या कडेला ढीग लावायचीस. आणि तिथल्या कोण कुठल्या बाईने न विचारता घातलं तर निमूट खातेस! धन्य आहे तुझी. राग तर आलाच. दोन वर्षं हे शब्द वाचले आणि त्या दिवशी भाजीत मीठ घालायचंच राहिलं. गल्लीभर बोलणी खाल्ली. पण केलंस ते बरं केलंस.

आज टोस्टवाल्याकडे गेले होते. हल्ली तो मलाही लांबून बघून पाव जाळीत घालतो. त्याला सांगितलं की तुझी ‘बीट नको’ आता बीट खाते. त्याला ते मुळीच पटलं नाही. म्हणाला, तिकडे खायचं ते खाऊ दे, इथे आली की मी घालणार नाही.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
आई