आतल्या टायरचा आवाज

प्रिय बाबा,

पहिल्याच तपासणीत माझा ट्रक पास झाला. मुलुंड नाक्यावरच्या निरीक्षकबाईंनी स्वतः सांगितलं. "ट्रक काय खेळणं आहे का गं?" असं म्हणून तुम्ही अबोला धरलात, तरी निघण्यापूर्वी मी तुमच्यासारखाच प्रत्येक टायरवर पाना मारून कान दिला. मागच्या जोडीतला आतला टायर भद्द वाजला. बाहेरून धड दिसत होता! पंक्चर काढून घेतलं. नाक्यावर बाईंनी कागद, दिवे, ब्रेक बघितले आणि त्याच टायरवर पाना मारला. खण्ण! लहानपणी वाटायचं, गाडी तुमच्याशी बोलते. खरंच बोलते हो.

हे पत्र पेटीत टाकत नाही. उद्या गोवंडीला तुमच्या घरावरूनच जायचंय. खालून हॉर्न वाजवीन, तुम्ही उतरून आलात की पाना तुमच्या हातात देईन.

तुमचीच,
संघमित्रा