तेलाच्या कपाटाची किल्ली आणि लाल गाडीचे इंजिन

भावजी आणि ठिणगी, ती रविवारची दुपार तुम्हा दोघांना आठवत असेल की नाही, मला ठाऊक नाही. विशेष काही घडले नव्हते. शर्यतीहून परतलेली गाडी जॅकवर चढवलेली होती, इंजिन अजून कोमट होते आणि खाली ठेवलेल्या माझ्या मोठ्या पातेल्यात तेल पडत होते. आधी धार, मग दोऱ्यासारखे, मग थेंब थेंब. हे पायरीवर पेपर वाचत बसले होते. ठिणगी तेव्हा पहिलीत होती आणि उलट्या बादलीवर बसून पातेल्यात डोकावत होती. तिने विचारले, "काका, तेल एवढं काळं कसं झालं?" भावजी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तुझ्या आईच्या हातचा चहा प्यायलं ना." यांचा पेपर थरथरायला लागला, म्हणजे हे हसत होते. शेवटचा थेंब पडेपर्यंत कोणी उठले नाही, कारण आमच्या वर्कशॉपचा तसा नियम होता. इतकेच.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे वकीलसाहेब म्हणाले. मी म्हटले, पुढचे सगळे तुमच्या पद्धतीने लिहिते, हा एवढा परिच्छेद माझा. शिवाय त्यांचा आग्रह होता की मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा इंग्रजीतच लिहावे. पण इंग्रजी कागद पुढे आला की भावजींचा चष्मा हमखास हरवतो. म्हणून मराठीत.

तर मी, खाली सही करणारी, वय सहासष्ट, शर्यतीच्या गाड्यांची इंजिने बांधणाऱ्या वर्कशॉपची मालकीण, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल शेजारच्या डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी मला त्या दिवशीचा वार विचारला. मी मंगळवार सांगितला, आणि तुमच्या गाडीचे इंजिन सकाळी सुरू होताना टकटक करते, तेल कधी बदलले होते, असेही विचारले. त्यांनी पुढचे प्रश्न न विचारता सही केली.

या कागदात "हे" म्हणजे माझे दिवंगत पती. "भावजी" म्हणजे माझे धाकटे दीर, ज्यांनी यांच्यानंतर वर्कशॉप सांभाळले. "ठिणगी" म्हणजे माझी मुलगी. खरे नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, पण काकांनी ठेवलेलेच चालू राहिले. ती इंजिनिअर झाली आणि नोकरी सोडून इथेच परत आली. मुलगा बँकेत आहे.

कलम पहिले. वर्कशॉपवरच्या तीन खोल्या मुलाला. त्याला लहानपणापासून तेलाचा वास सोसत नाही, नखे सदा स्वच्छ, आमच्या घराण्यात कसा जन्मला देव जाणे. त्याने खोल्यांचे काय हवे ते करावे, मात्र जिन्यावर फरशी बसवू नये. दुसऱ्या पायरीवर यांच्या बुटाचा तेलाचा ठसा आहे, तो तिथेच राहील. बँकेत जे काही असेल ते दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. मोजायला तो आहेच.

कलम दुसरे. समोरच्या तेलाच्या दुकानदारास एक रिकामा डबा. हा तोच डबा, ज्यात त्यांनी गाळलेले जुने तेल भरून, नवे झाकण लावून, शर्यतीचे खास तेल म्हणून आम्हाला विकायचा प्रयत्न केला होता. मी झाकण उघडून वास घेतला आणि डबा त्यांच्या काउंटरवर परत नेऊन ठेवला. "ताई, तुमच्या नाकाला काहीतरी झालंय," असे ते चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते. नाक शेवटपर्यंत ठणठणीत होते, असा निरोप डब्यासोबत द्यावा.

कलम तिसरे. आता तेलाचे कपाट. ते माझ्या ताब्यात कसे आले हे सांगणे भाग आहे, कारण पुढची सगळी वाटणी त्यावर आहे.

लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मला स्क्रू आणि बोल्ट यांतला फरकही कळत नव्हता. पण शाळेतल्या सिस्टरनी एक सवय लावली होती. पान हातात घेतले की पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचायचे, बारीक अक्षरातलेही. एके दिवशी शर्यतीची मोटारसायकल आली होती आणि हे दोघे भाऊ तिच्यात चारचाकीचे महागडे तेल ओतायच्या बेतात होते. डब्याच्या पुढच्या बाजूला ज्वाला होत्या, विजा होत्या, चषक होता. मी चहा घेऊन उभी होते, म्हणून मला डब्याची मागची बाजू दिसली. तिथे लिहिले होते की ज्या मोटारसायकलचा क्लच तेलात बुडलेला असतो, तिच्यात हे घालू नये. तेल इतके निसरडे की क्लच सुटत राहणार. मी ते वाचून दाखवले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. भावजी म्हणाले, "दादा, वहिनींना कपाटाची किल्ली देऊन टाक." तेव्हापासून किल्ली माझ्या कमरेला आहे.

त्यानंतर जे शिकले ते डब्यांच्या मागच्या बाजूंनी आणि फुटलेल्या इंजिनांनी शिकवले. थोडक्यात लिहून ठेवते, कारण मी गेल्यावर पुढच्या बाजूचे चित्र बघून तेल घेणारे पुष्कळ येतील. डब्यावर दोन आकडे असतात. पहिला सांगतो, गार इंजिनात तेल किती चटकन धावेल. दुसरा सांगतो, तापल्यावर ते किती दाट राहील. मोठा आकडा म्हणजे भारी तेल, हा गैरसमज आहे. शर्यतीचे तेल रोजच्या गाडीत घालून मिरवू नये, त्यात काजळी धरून ठेवणारी औषधे कमी असतात, ते एका शर्यतीसाठी असते, वर्षभरासाठी नाही. नव्याने बांधलेल्या इंजिनाला आधी साधे तेल द्यावे, पिस्टनच्या रिंगा बसू द्याव्यात, मग लाड करावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे योग्य तेल डब्यावर लिहिलेले नसतेच. ते इंजिनातल्या फटीवर ठरते. बेअरिंग सैल बसवले असेल तर दाट तेल हवे, नाहीतर दाब टिकत नाही. बेअरिंग घट्ट असेल तर पातळ हवे, नाहीतर तेल आत पोचायलाच कुरकुर करते. म्हणून तेल निवडणाऱ्याने इंजिन बांधणाऱ्याला विचारायचे असते. मी रोज विचारायची. हे ओरडून सांगायचे, भावजी बोटांनी दाखवायचे, पण विचारल्याशिवाय मी कपाट उघडले नाही.

कलम चौथे, आणि हे लिहिण्यासाठीच बाकीचे लिहिले. गेल्या वर्षी लाल गाडीचे इंजिन भावजींनी बांधले, नेहमीप्रमाणे सैल, यांनी शिकवले तसे. मी दवाखान्यात होते, म्हणून किल्ली ठिणगीकडे होती. पातळ तेलाने इंजिन हलके फिरते आणि ताकद वाढते, हे तिचे म्हणणे खरे आहे. तिने पातळ तेल घातले. तिने विचारले नाही, भावजींनी सांगितले नाही. चौथ्या फेरीत इंजिन ठोकायला लागले आणि गाडी ढकलत आणावी लागली. "काकांनी इंजिन नाही, पाळणा बांधलाय," ती म्हणाली. "पोरीनं तेल नाही, पाणी घातलंय," भावजी म्हणाले. आपापल्या जागी दोघेही बरोबर होते, आणि त्या दिवसापासून एकमेकांशी बोललेले नाहीत.

बोलतात ते माझ्यामार्फत. मी मधल्या खुर्चीत बसते. ठिणगी हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या काकांकडे पाठ करून म्हणते, "आई, काकांना सांग, टॉर्क पाना मला हवाय."

"वहिनी, तिला सांगा, मला कान आहेत."

"मग वापरा म्हणावं."

मी दोन्ही निरोप इमानाने पोचवते. गुडघे दुखतात, पण पोचवते. मला मरणाची भीती नाही, सिस्टरनी त्याची तयारी लहानपणीच करून घेतली होती. भीती एवढीच आहे की ती मधली खुर्ची रिकामी झाली की या वर्कशॉपमध्ये कोणी कोणाशी बोलणार नाही. म्हणून पुढीलप्रमाणे वाटणी करते.

लाल गाडी, म्हणजे सांगाडा, चाके, गिअरबॉक्स आणि यांनी दुरुस्त केलेली सीट, ठिणगीला.

त्याच गाडीचे इंजिन, जे भावजींनी वर्षभर खपून पुन्हा बांधले आहे आणि स्टँडवर कापडाखाली झाकून ठेवले आहे, ते भावजींना.

तेलाच्या कपाटाची किल्ली ठिणगीला. इंजिनातली फट भावजींच्या डोक्यात आहे, ती त्यांचीच आहे, माझ्याकडून द्यायला नको.

अट अशी की इंजिन गाडीत बसवून, हंगामाच्या पहिल्या शर्यतीआधी ते सुरू करावे. त्याआधी एकाने फट विचारावी आणि दुसऱ्याने सांगावी, समोरासमोर, तोंडाने. फोनवरचा मेसेज, फळ्यावरचा खडू, खाकरणे, तसेच माझी जाऊ किंवा मुलगा यांच्यामार्फत पाठवलेला निरोप ग्राह्य धरू नये. कोणी आधी बोलायचे हे मी ठरवत नाही. अट पाळली गेली की नाही हे डॉक्टरीणबाई ठरवतील. त्यांच्या खिडकीतून वर्कशॉपमधले सगळे ऐकू येते, हे त्यांनी मला पुष्कळदा ऐकवले आहे. अट पाळली नाही तर गाडी आणि इंजिन दोन्ही समोरच्या तेलवाल्याला जातील, रिकाम्या डब्यासकट. मी हे करणार नाही असे कोणाला वाटत असेल तर त्याने कलम दुसरे पुन्हा वाचावे.

आता एक गोष्ट, जी मला लिहायची नव्हती. इंजिनाचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडे गेले होते. भावजींनी या वेळी काय मापे दिली, ते तो बोलून गेला. आणि परवा मी कपाट उघडले, तेव्हा ठिणगीने कोणते नवे डबे आणून ठेवले आहेत तेही दिसले. दोन्ही कळल्यावर मी खाली बसले आणि यांच्या पेपरासारखी थरथरले. दोघांनीही एकमेकांसाठी माघार घेतली आहे, कोणी किती, हे मी फोडणार नाही. एवढेच सांगते की तुमची दोघांची मने जुळली आहेत, पण ते इंजिन आणि ते तेल अजिबात जुळत नाही. न बोलता सुरू केलेत, तर यंदाही ढकलत आणाल.

कलम पाचवे, किरकोळ. कमरपट्ट्याची चांदीची कडी जावेला. मधली खुर्ची मोडून टाकावी, कोणी तिच्यात बसू नये. जुने फिल्टर कापून, आतला कागद उन्हात पसरून धातूची चमक शोधायची यांची कात्री भावजींना, आणि भिंग ठिणगीला.

राहिले मोठे पातेले. माझ्या लग्नातले ते पातेले, जे भावजींनी एका सकाळी न विचारता तेल काढायला नेले आणि ज्यासाठी माझी जाऊ आजही मलाच बोल लावते. ते जावेला मिळणार नाही. ते भावजी आणि ठिणगी या दोघांना सामाईक, वाटणी न करता. गरम इंजिनाचे तेल एकट्याने काढता येत नाही. एकाने खाली जाऊन बोल्ट सोडायचा, दुसऱ्याने पातेले धरायचे. नवे इंजिन पहिल्यांदा चालवून झाले की आधी घातलेले साधे तेल बदलायचे आहेच. उलटी बादली कपाटामागे आहे. चहा कोणीही करावा, माझ्यापेक्षा वाईट होणार नाही. आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत कोणी उठायचे नाही.

हे सर्व मी स्वतः लिहिले, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत पुन्हा वाचले आणि साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून डॉक्टरीणबाईंच्या गाडीचे तेल कालच बदलून दिले आहे.

सही : ठिणगीची आई

साक्षीदार :
१. शेजारच्या डॉक्टरीणबाई (टकटक थांबली आहे. सही केली.)
२. कोपऱ्यावरचा लेथवाला (यापुढे तोंड बंद ठेवीन. सही केली.)

ठिकाण : वर्कशॉपवरची खोली, जिन्याकडची खिडकी
दिनांक : ४ मार्च २०२५, मंगळवार