राव म्हटल्यावर

८ नोव्हेंबर १९९६

पडलो. हरमलच्या वाळूत, ओळीनं बसलेल्या गोऱ्यांसमोर. घोडी चार पावलं पुढं जाऊन थांबली आणि वळून माझ्याकडं बघत राहिली. काजू तिचं नाव. बाबाजीकाकांची. ते किनाऱ्यावर पाहुण्यांना फिरवतात. मला बसता आलं तर कामाला ठेवणार.

काका म्हणाले, "कॉलेज सोडलंस, आता लगाम पण सोडलंस. धरतलंस तरी काय रे?"

११ नोव्हेंबर

आज घोडीशी भांडलो. 'राव, राव' – थांब, थांब – ओरडत लगाम खेचला, तर ती जास्तच पळाली. काका म्हणाले, "तोंडान राव म्हणतंस नि टाचेन धाव. तिना आयकूचा तरी कोणाचा?"

तो शब्दच मला नको झालाय. जूनमध्ये पणजीच्या स्टँडवर वर्गातल्या विनोदिनीला मनातलं सगळं सांगून टाकलं. तिची कारापूरची गाडी सुटायला आली होती. ती म्हणाली, "राव." एवढंच. म्हणजे पुरे कर – न कळायला मी काय लहान आहे? तडक पेडण्याच्या गाडीत चढलो. खिडकीतून एकदा पाहिलं. उभीच होती. मजा बघत असणार. त्यानंतर कॉलेजात पाऊल टाकलं नाही.

१७ नोव्हेंबर

आज लगाम नाही. लांब दोरी काकांकडे, माझे हात छातीशी बांधलेले. "तोंड बंद. श्वास सोड नि जड बस."

सोडला. घोडी थांबली.

टाच लावली, चालली. पुन्हा श्वास सोडला – थांबली. मी एक अक्षर बोललो नव्हतो! तिचा एक कान मागं, माझ्याकडं वळलेला. एवढं मोठं जनावर, आणि माझ्या छातीतलं ऐकत होतं. घरात मी ओरडलो तरी कोणी ऐकत नाही.

१८ नोव्हेंबर

सहा वेळा. सहाही वेळा थांबली.

२३ नोव्हेंबर

काकांच्या दारात काजूला 'राव' म्हणून उतरलो. लगाम तिच्या मानेवर टाकला. जानकीकाकीनं चहा आणि उंडो पाव दिला. काकांशी बोलत, उंडो बुडवून खात बसलो. घोडीला विसरूनच गेलो.

अर्ध्या तासानं बाहेर आलो तर भर उन्हात, त्याच जागी उभी. गवताचा भारा दहा पावलांवर. कान दाराकडं.

"बांधूक नाय तिका?" काका.

"नाही. मग गेली कशी नाही?"

"राव म्हटलंस मा तिका? मगे? राव म्हणजे चालता हो न्हय रे. थांब, मी येतंय, असो अर्थ त्येचो."

मी तिच्या मानेवर हात ठेवला. तापली होती.

२४ नोव्हेंबर

जूनमध्ये मी खिडकीतून पाहिलं तेव्हा कारापूरची गाडी सुटून गेली होती. तरी विनोदिनी उभीच होती.

पाच महिने! पणजीची पहिली गाडी सहाला आहे.