पाठीवरची बटणं

प्रिय कात्रीबुवा,

टाकेकाकाचा प्रेमाचा नमस्कार. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (डाव्याची चौकशी करत नाही, तो पहिल्यापासूनच शहाणा.) वहिनींचा खोकला हटला का? इकडे सगळे मजेत, मी सोडून.

तू कटाईच्या टेबलावरून निवृत्त झालास आणि महिन्याभरात मालकांनी शिवणाचा कारखाना सूनबाईंच्या हाती दिला. गुणी आहेत, बोलायला गोड. पण पहिल्याच दिवशी भिंतीवर पाटी लागली, 'मळलेली वाट सोडा.' मी विचारलं, "याचा अर्थ काय धरायचा?" म्हणाल्या, "काका, सगळे करतात ते आपण करायचं नाही. शनिवारपर्यंत प्रत्येकाने एक नवी कल्पना द्यायची." आता छत्तीस वर्षं काजं-बटणं करणाऱ्याला काय सुचणार? (माझी वाट इतकी मळलेली, की तिच्यावर गवतही उगवायला लाजतं.) शनिवारी माझी पाळी आली आणि तोंडातून निसटलं, कोटाची बटणं पाठीवर लावू, चहा सांडला तरी बटणांवर डाग पडायला नको.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बँडवाल्यांचे चौदा कोट तसेच शिवले गेले. ठरलं असं, की प्रत्येकाची बटणं मागच्याने लावायची. तेरा जण सुटले, शेवटच्या ढोलवाल्याच्या मागे कोणीच नाही. म्हणून बँडमास्तरांनी सगळ्यांना गोल उभं केलं. त्यात काजं सैल, बटणं सारखी सुटत. मग एक हात पुढच्याच्या पाठीवर आणि एका हाताने वाजवणं, असा चौदा जणांचा रहाट जागच्या जागी फिरत राहिला. मिरवणूक कोपऱ्यावरच थांबली. लोकांना वाटलं, हाच कार्यक्रम. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आणखी सहा बँडांनी तसेच कोट मागितले. तेव्हापासून कारखान्यात दुसरं काही शिवलंच जात नाही.

आता मी 'कल्पनाप्रमुख'. मऊ खुर्ची, मोठं टेबल, टेबलावर काही नाही. मशीनला हात लावायचा नाही, कारण ते मळलेलं काम. माझ्या मशीनवर इस्त्रीवाला बसतो, पायडल धसमुसळेपणाने मारतो आणि दोरा तोडतो. बुवा, हल्ली मला कोणी हाक मारलेली ऐकू येत नाही, पण भिंतीपलीकडे तुटलेला तो दोरा ऐकू येतो. सूनबाईंना म्हटलं, माझं मशीन तेवढं परत द्या. म्हणाल्या, "काका, मागे वळून बघायचं नाही." (तो कोट घातलेल्यांना दुसरं कामच नाही.)

वहिनींना नमस्कार. जप स्वतःला.

तुझा,
टाकेकाका

ता. क. : एक छोटंसं काम आहे. सूनबाईंनी तुला पाहिलेलं नाही. तू गिऱ्हाईक म्हणून त्यांना लिही, की आजवर कोणालाच न सुचलेली गोष्ट तुला सुचली आहे, बटणं पुढे लावावीत. सहा महिन्यांत इथे पुढची बटणं कोणी बघितलेली नाहीत, खपून जाईल.

ता. क. दुसरं : खाली नाव-पत्ता ठळक घाल. कल्पना पटली तर तुलाच कल्पनाप्रमुख करतील. नाही म्हणू नकोस. खुर्ची एकच आहे, तू बसलास की मला उठता येईल.